फोनवर लपवलेला रकाना

सगळी वस्ती तिला मास्टर म्हणते. बाईला मास्टर कशाला म्हणता, असं नव्याने राहायला आलेला प्रत्येकजण विचारतो आणि मग आम्हाला पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. तर सांगते.

कपड्यांच्या कारखान्यात तिने बारा वर्षं कटिंग केलं. कापडाचे साठ-साठ, ऐंशी-ऐंशी थर लांब टेबलावर अंथरायचे, वर कागदाचा खाका ठेवायचा, खडूने आखायचं आणि मशीनचं पातं त्या रेषेवरून फिरवायचं. शिवणारीची चूक एका शर्टापुरती असते. उसवलं, पुन्हा शिवलं, संपलं. कापणारीची चूक ऐंशी शर्टांची असते आणि कापलेलं कापड परत जोडता येत नाही. म्हणून त्या टेबलाशी उभं राहणाऱ्याला तिथे मास्टर म्हणतात, मग तो बाप्या असो की बाई. बारा वर्षांत तिच्या हातून एक थर वाया गेला नाही. हे मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. ती स्वतःबद्दल बोलायला लागली की समजावं, तिला ताप आहे.

तेराव्या वर्षी उजव्या मनगटाने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पातं धरायचं नाही. कारखान्याने दोन ओळींचं पत्र दिलं आणि तिच्या जागी दुसरी उभी केली. चार महिने ती घरात बसून होती. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, नवरा, आणि दम्याने बेजार झालेल्या सासूबाई. नवरा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. तिथल्या ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर तो उचलून घेऊन आला, का, ते त्यालाही नीट सांगता येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "अरे, आधी खुर्ची आणायचीस. हा बसणार कुठे?"

तो बसला शिवणयंत्राच्या टेबलावर. आणि मास्टर डाव्या हाताने माऊस धरायला शिकली.

आता वेबसाइट बनवणं म्हणजे काय, ते मलाही तिनेच शिकवलं, म्हणून तिच्याच शब्दांत सांगते. एक अशी जागा असते, तिथे तुम्हाला कोरं पान मिळतं. बाजूला खोकी मांडलेली असतात: मजकुराचं खोकं, फोटोचं, बटणाचं, फॉर्मचं. हवं ते उचलायचं, ओढत आणायचं, पानावर सोडायचं. कोड म्हणून जो प्रकार असतो, त्याचं एक अक्षर लिहावं लागत नाही. पण एवढ्यावर भागत नाही. तेच पान कुणी मोठ्या पडद्यावर बघतो, कुणी टॅबच्या वीतभर पाटीवर, कुणी तळहाताएवढ्या फोनवर. तिन्हीकडे ते नीट बसलं पाहिजे. नवशिके काय करतात, मोठं पान दाबून लहान करतात आणि म्हणतात, झालं फोनचं. मास्टरला हे पहिल्याच आठवड्यात हास्यास्पद वाटलं. "लहान पोराचा शर्ट म्हणजे बापाचा शर्ट उकळून आटवलेला नसतो ताई," ती म्हणाली. "खांदा वेगळा, मुंढा वेगळा, खिसा तर काही मापांना लावायचाच नसतो."

तिचं पहिलं गिऱ्हाईक आमचे किल्लीवाले काका. त्यांच्या दुकानाची साइट आधी एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी केली होती. वर कुलपांचा फिरता फोटो, मग काकांच्या वडिलांचा इतिहास, मग कामाची यादी, आणि तळाशी, मुंगीएवढा बारीक फोन नंबर. मास्टरने काकांना एकच विचारलं. "तुम्हाला फोन कोण करतो?"

"ज्याची किल्ली हरवली तो."

"तो कुठे असतो तेव्हा?"

"दाराबाहेर."

"मग त्याच्या हातात काय असतं, कॉम्प्युटर?"

फोनवर काकांचा नंबर पहिल्या ओळीत आला, अंगठ्याएवढा. दाबला की लागला. वडिलांचा इतिहास तिने कॉम्प्युटरवर ठेवला आणि फोनवर लपवला. त्या खोक्यांना तशी सोय असते: इथे दाखवा, तिथे लपवा. क्लासचे सर तिच्या दारात येऊन म्हणाले, "खोकी ओढून टाकणं याला काम म्हणत नाहीत, बाई." ती म्हणाली, "बरोबर आहे सर. तुमची साइट जरा या फोनवर उघडून दाखवता?" सरांना एकदम कुठेतरी जायचं आठवलं.

दंतवैद्य, नृत्याचा वर्ग, जुनी सायकल दुरुस्त करणारा, अशी तिची कामं वाढत गेली. आणि मग आमच्या आरोग्य केंद्रावर ती नोटीस लागली.

केंद्र म्हणजे एक बैठी इमारत. बाहेर बाक, आत वजनाचा काटा, औषधांची खिडकी, आणि कोपऱ्यात वाफ देणारं मशीन. मास्टरच्या सासूबाई रोज चार वाजता तिथे जाऊन वीस मिनिटं मास्क लावून बसतात. घरापासून सासूबाईंच्या चालीने अकरा मिनिटं, त्यात दोनदा थांबणं धरून. नोटिशीत लिहिलं होतं की केंद्र सहा किलोमीटरवरच्या नव्या इमारतीत हलवणार. कुणाची हरकत असेल तर त्याने आपलं नाव, फोन नंबर, राहण्याची जागा यांसह आरोग्य खात्याच्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवावी. पाचशे हरकती आल्या तर जाहीर सुनावणी. चारशे नव्व्याण्णव आल्या तरी फाइलवर सही आणि ट्रकमध्ये सामान. शेवटची मुदत बुधवार, संध्याकाळचे पाच.

मी मास्टरच्या घरी गेले. वीस वर्षं मी या वस्तीत भांडते आहे, पाण्यासाठी भांडले, दिव्यांसाठी भांडले, आणि मला घाई असली की माझ्या तोंडाला लगाम नसतो, हे मी लपवत नाही. म्हटलं, "मास्टर, पान बनव. माणसाने उघडावं, भरावं, दाबावं आणि हरकत थेट ऑफिसात जावी."

तिने दोन दिवसांत बनवलं. मी बघितलं आणि ओरडले, "हा फॉर्म आहे की जनगणना? नाव, फोन, घर नंबर, गल्ली, वर पुन्हा पूर्ण पत्ता! फोनवर केवढा लांब दिसतोय. लोक अर्ध्यात सोडून देतील. छोटा कर."

"घर नंबर आणि गल्ली ऑफिसला चालेल?"

"चालेल. मी विचारलंय."

"मग पूर्ण पत्त्याचा रकाना फोनवर लपवते. कॉम्प्युटरवर राहू दे, तिथे जागा आहे."

"लपव नाहीतर पूर, पण छोटा कर."

तिने लपवला. मग कॉम्प्युटरवर सगळे रकाने स्वतःच्या नावाने भरले, पडद्यावरच्या खिडकीची कड धरून आत ओढत ओढत फोनएवढी अरुंद केली, पूर्ण पत्त्याचा रकाना नाहीसा झाला, आणि बटण दाबलं. हिरवी खूण आली. हरकत गेली. शुक्रवारी आम्ही लिंक सगळ्या ग्रुपवर टाकली.

गेलेल्या हरकतींची यादी मास्टरच्या कॉम्प्युटरवर दिसायची. बुधवारी सकाळी तिथे आकडा होता एकसष्ट.

दोन हजार माणसांच्या वस्तीत एकसष्ट! मी दहा वाजल्यापासून गल्ल्या पालथ्या घालत होते. दार दिसलं की वाजवत होते, माणूस दिसला की झाडत होते. झोपा, म्हटलं. केंद्र गेल्यावर तुमची आई धापा टाकायला लागेल तेव्हा सहा किलोमीटर खांद्यावर घेऊन पळा. लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत होते. काही म्हणाले, भरलं की. मला वाटलं, थापा. आपल्याकडे "भरलं की" आणि "निघालोच" या दोन्हींचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

साडेबाराच्या सुमाराला इस्त्रीवालीच्या टेबलापाशी माझा तोल गेला.

"तू तरी भरलंस का?"

"शनिवारीच भरलं ताई."

"यादीत तुझं नाव नाही."

तिने इस्त्री उभी केली. "म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी तसं म्हटलं नाही. पण यादीत नाव नाही."

"तेच म्हटलंत. चार लोकांत म्हटलंत." तिने खिशातून फोन काढला. काच कोपऱ्यातून तडकलेली, वर चिकटपट्टी. "हे घ्या. तुमच्यासमोर भरते. नाव. फोन. घर नंबर. गल्ली. हे दाबलं. बघा."

मी बघितलं. बटण दाबल्यावर जरासं काळवंडलं आणि परत होतं तसं झालं. ना हिरवी खूण, ना लाल. पान जागचं हललं नाही.

"हे असंच होतं?"

"असंच होतं. मी तीनदा दाबलं होतं तेव्हा."

"अगं मग सांगायचं नाही का!"

"काय सांगायचं? ऑफिसचं काम आहे. त्यांचं उत्तर आजवर कधी लगेच आलंय? मला वाटलं, दाबलं, आपलं काम संपलं."

सकाळपासून ज्यांना ज्यांना मी झाडलं होतं, ते एकेक चेहरे डोळ्यांपुढे यायला लागले. मी तिचा फोन हातातून ओढला आणि मास्टरच्या जिन्याकडे धावले. ती माझ्यामागे ओरडत, "अहो ताई, फोन माझा आहे!"

मास्टर कॉम्प्युटरसमोर होती. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत. मी काही न बोलता फोन तिच्यापुढे धरला आणि बटण दाबलं. तिने बघितलं. परत दाबायला सांगितलं. मग स्वतः दाबलं. कारखान्यात ऐंशी थर कापून झाल्यावर खाका उलटा ठेवला होता असं कळलं तर माणूस जसा दिसेल, तशी ती दिसत होती.

"आलेल्या एकसष्टपैकी झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून किती?" ती म्हणाली. स्वतःलाच विचारत होती. यादी उघडून, कोणती हरकत कुठून आली ते बघत, ती बोटाने मोजत गेली. "चव्वेचाळीस. बाकीचे शाळेच्या ऑफिसातले, दंतवैद्याकडचे. सगळे कॉम्प्युटरवरून. फोनवरून एकही नाही. पाच दिवसांत एकही नाही, ताई, आणि मी रोज ही यादी बघत होते."

"पण तू तपासलं होतंस! माझ्यासमोर तपासलंस!"

"खिडकी अरुंद करून तपासलं. फोनवर नाही."

तिने पान उघडलं आणि पूर्ण पत्त्याच्या रकान्यावर टिचकी मारली. त्याच्या बाजूला एक छोटी लाल चांदणी होती. चांदणी म्हणजे सक्ती. हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. रकाना तिने फोनवर लपवला, पण चांदणी काढायची राहिली. तपासताना तिने तो मोठ्या खिडकीत आधीच भरला होता, म्हणून तो लपल्यावरही आत भरलेलाच होता, आणि फॉर्म गेला. लोकांच्या फोनवर तो रिकामा. फॉर्म थांबायचा. "हे भरा" अशी सूचनाही यायची, पण ती त्या लपवलेल्या रकान्याखालीच यायची. ती दिसणार कुणाला?

"जे अडकलेत ते आत्ता काढून पाठव ना," मी म्हटलं.

"गेलंच नाही, तर काढू कुठून? कुठे साठलेलं नाही ते. लोकांनी हवेत बोट दाबलं."

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

चांदणी काढायला तिला एक क्षण लागला. एक टिचकी! पाच दिवस वाया गेले ते त्या एका टिचकीपायी. तिने पान पुन्हा प्रकाशित केलं, इस्त्रीवालीच्या फोनवर उघडलं, दाबलं. बटण काळवंडलं. परत होतं तसं झालं.

"आता काय?" मी जवळजवळ किंचाळले.

"आवाज खाली ठेवा ताई. मला विचार करू द्या." ती फोन उलटसुलट करून बघत होती. "फोनने जुनं पान जपून ठेवलंय. नवं मागतच नाहीये. ज्यांनी ज्यांनी आधी उघडलं, त्यांतल्या निम्म्यांना तरी हेच दिसणार."

"मग?"

"मग पान दुसऱ्या पत्त्यावर हलवायचं. नवी लिंक. फोनला ती ओळखीची नसेल, म्हणजे आणावीच लागेल."

ती कामाला लागली आणि मी येरझाऱ्या घालायला. तिने पानाची नक्कल केली. माझ्या हट्टाने वर टाकलेला मोर्चाचा भलामोठा फोटो उडवला, कारण तडकलेल्या फोनवर तो उतरायलाच अर्धं मिनिट खात होता. मला एक अक्षर विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. हिरवी खूण तिने तळहाताएवढी केली आणि तिच्याखाली हरकतीचा नंबर येईल असं केलं. या वेळी खिडकी अरुंद केली नाही. इस्त्रीवालीचा फोन, माझा फोन, सासूबाईंचा बटणं झिजलेला फोन, असे तीन ओळीने टेबलावर मांडले आणि प्रत्येकावर जिची तिची हरकत भरून दाबलं; इतरांना झाडण्याच्या नादात माझी भरायचीच राहिली होती. बासष्ट. त्रेसष्ट. सासूबाईंच्या फोनने इतका वेळ घेतला की मी तो दोनदा टेबलावरून उचलून पाहिला. चौसष्ट.

"माझा गेला?" सासूबाईंनी विचारलं.

"गेला."

"मग इतके दिवस तुम्ही करत काय होतात?"

दोन वाजून गेले होते. आता लिंक लोकांपर्यंत जायला हवी होती, आणि ज्यांना वाटत होतं की आपण भरलंय, त्यांना ती पुन्हा भरायला लावायची होती. माझ्या डोक्यात मेसेज तयार होता.

"टाक," मी म्हटलं. "ऑफिसने आपली साइट पाडली. लोकांनो, तुमचा आवाज दाबलाय. पुन्हा भरा."

"कुणी पाडली?"

"ऑफिसने."

"ऑफिसवाल्यांना साइट उघडता येत नाही, पाडतील कुठून?"

सासूबाईंना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. मास्टर उठली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. तिथूनच आमचं भांडण झालं.

"मास्टर, ही वेळ खरं-खोटं करत बसायची नाही. लोक चिडले की भरतात. तुझी चूक म्हणून सांगितलंस तर म्हणतील, यांना धड एक फॉर्म जमत नाही आणि निघाले केंद्र वाचवायला."

"म्हणू देत. पण ऑफिसने पाडली म्हटलं, तर लोक म्हणतील, एकदा पाडली तशी परत पाडतील, आपण कशाला बोट झिजवायचं? माझी चूक होती आणि ती दुरुस्त झाली, असं कळलं तरच माणूस दुसऱ्यांदा भरेल."

"तुला राजकारण कळत नाही!"

"नाही कळत. मला बटण कळतं. तेही कालपर्यंत नीट कळलं नव्हतं."

"तुझी कामं जातील. उद्या कोण देईल तुला साइट करायला?"

त्यावर ती सासूबाईंची पाठ चोळत राहिली. मला वाटलं, जिंकले. सासूबाईंची धाप जराशी बसली होती. त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मास्टरने फोन उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"मी मास्टर बोलतेय. तुम्ही फोनवरून भरलेला फॉर्म ऑफिसात गेलेला नाही. चूक माझी आहे. ऑफिसची नाही, तुमची नाही. आता दुरुस्त केलाय. खाली नवीन लिंक आहे, दोन मिनिटं लागतील. हिरवी खूण आणि नंबर दिसला तरच गेला समजा. नाही दिसला तर मला फोन करा, शिव्या घाला, पण फोन करा. पाच वाजेपर्यंत वेळ आहे."

मधेच सासूबाई खोकल्या. ते तसंच राहिलं. तिने दुसऱ्यांदा ऐकलंसुद्धा नाही, सरळ सगळ्या ग्रुपवर सोडून दिलं. "फॉर्म छोटा कर" हे कुणाचं तोंड बोललं होतं, ते त्यात नव्हतं. माझ्या लक्षात आलं. तिच्या लक्षात नसेल असं मला वाटत नाही.

मग फोन सुरू झाले. पहिल्याने शिव्याच घातल्या. दुसऱ्याला गल्लीच्या रकान्यात काय लिहायचं ते कळत नव्हतं. तिसऱ्याने विचारलं, माझा नंबर एकशे सात आलाय, म्हणजे पास की नापास? तीन वाजता दोनशे बारा. साडेतीनला दोनशे ऐंशी. मास्टरने यादी आणि फोन सोडून कशालाही हात लावला नाही. चारला दहा कमी असताना तिने घड्याळ बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, परत यादीकडे बघितलं. वाफेची वेळ झाली होती आणि उठता येत नव्हतं.

इस्त्रीवाली, जिचा फोन अजून आमच्याच ताब्यात होता, ती दारातून म्हणाली, "मी नेते आजींना. फोन ठेवा तुमच्याकडे, तसाही तुम्ही देत नाही."

सव्वाचारला यादी एकदम पळायला लागली. तीनशे चाळीस, पन्नास, साठ. नंतर कळलं, सासूबाई केंद्रात मास्क बाजूला करून बाकावरच्या प्रत्येक पेशंटला विचारत होत्या, "हिरवी खूण आली का? दाखवा." सिस्टर ओरडल्या, आजी, मास्क लावा, तर म्हणाल्या, "आधी तू दाखव."

साडेचारला तीनशे शहाण्णव. आणि तिथेच थांबलं. पाच मिनिटं, एक नाही. मग एक आली. मग परत शांतता.

"संपलं," मी म्हटलं.

"नाही. गल्ल्या बघा." तिने यादी वरखाली केली. "पाचव्या गल्लीपासून पुढे जवळजवळ कुणीच नाही. त्या बायका कारखान्यात असतात. फोन गेटवरच्या खणात ठेवायला लागतो. पावणेपाचला सुटी होते. त्याआधी त्यांना काही ऐकू जाणार नाही."

"पावणेपाच! म्हणजे पंधरा मिनिटं उरतात!"

"म्हणून तुम्ही जा. मी इथून हलले तर फोन कोण घेणार? आणि ताई..." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तिथे ओरडू नका. दमलेल्या असतात त्या."

मी पळाले. या वयात मी कशी पळाले, ते माझे गुडघे अजून सांगतात. गेटच्या आत भिंतीला लाकडी खण आहेत, कबुतरखान्यासारखे, आणि प्रत्येकात एक फोन. भोंगा झाला. बायका रांगेने बाहेर आल्या, एकेकीने आपला फोन घेतला, चालू केला. आणि मेसेज वाजायला लागले. एकीच्या हातात, मग तिघींच्या, मग विसांच्या. सगळीकडून मास्टरचा आवाज, एकमेकांत मिसळलेला, पुढेमागे: चूक माझी आहे, चूक माझी आहे, आता दुरुस्त केलाय, चूक माझी आहे. मधे मधे सासूबाईंचा खोकला.

एक जाडजूड बाई थांबली. "आपल्या मास्टरची चूक?" ती शेजारणीला म्हणाली. "कान नीट लाव गं. दुसरी कुणी बोलत असेल."

"तीच आहे," मी म्हटलं. आवाज खाली ठेवून.

"तिने टेबल सोडून चार वर्षं झाली, अजून आम्हाला तिच्या नावाने ओरडा खावा लागतो. मास्टर असती तर असं झालं नसतं, म्हणे." ती फोन डोळ्यांजवळ नेत हसली. "बरं झालं बाई, एक तरी चुकली. कुठे दाबायचं?"

बसची वाट न बघता त्या तिथेच फुटपाथवर उभ्या राहिल्या, खांद्याला पिशव्या, माना खाली. कुणाला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तिचं दुसरी भरत होती. मी मास्टरला फोन लावून कानाशी धरला होता. ती नुसते आकडे बोलत होती. चारशे एकतीस. बावन्न. चारशे सत्तर. घड्याळ चार छप्पन. मी ओरडले नाही. ओठ इतके चावले की दुसऱ्या दिवशी खाता येईना. चारशे नव्वद. चारशे नव्व्याण्णवावर ती थबकली.

"ताई, पाचशे चार. नाही, सात."

पाच वाजता यादी पाचशे सतरावर बंद झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसचं पत्र आलं. नऊ हरकती बाद, दुबार नावं म्हणून. पाचशे आठ ग्राह्य. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता जाहीर सुनावणी, हरकतदारांनी स्वतः हजर राहावं, तोपर्यंत केंद्राला हात लावला जाणार नाही.

संध्याकाळी केंद्रासमोर माणसं जमली. पत्र मी वाचलं. टाळ्या झाल्या, मास्टर भिंतीला टेकून उभी होती, आणि मागून कुणीतरी, बहुधा क्लासचे सर, म्हणाले, "पण चूक झालीच कशी एवढी मोठी?" माझं डोकं सणकलं. पण या वेळी राग नेमका कुणावर आहे, ते मला कळत नव्हतं. मी म्हटलं, "थांबा. फॉर्म छोटा कर, म्हणून मी तिच्या अंगावर ओरडले होते. तो रकाना लपवायला मीच लावला. काल हे मी बोलायला हवं होतं, बोलले नाही."

मला आणखी बरंच सांगायचं होतं, ऑफिसने साइट पाडली असा मेसेज टाकणार होते तेही सांगायचं होतं.

"ताई, पुरे," मास्टर पुढे येत म्हणाली. "सुनावणी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे, मी विचारून आले. आपल्यातल्या बऱ्याच जणांना जिना चढवत नाही. प्रत्येकाबरोबर एकजण लागेल. मंगळवारी कामावर खाडा करून कोण कोण येतंय, हात वर करा. आणि मी मोजेपर्यंत खाली घेऊ नका."